घर तीन फूट वर

१६ मार्च २०२५, रविवार

सकाळी सपनाचा फोटो आला. नदी पोपटी झालेली. मला वाटलं शेवाळ साचलं असेल. खाली तिनं लिहिलं होतं की हा रंग मुद्दाम टाकतात, दरवर्षी मार्च महिन्यात, एका सणासाठी, १९६२ सालापासून. आधी हा रंग नळकाम करणारे वापरायचे. कोणत्या घरातलं घाण पाणी चोरून नदीत सुटतंय, ते त्यानं कळायचं. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की सगळी नदीच रंगवू. शेवटी नेहमीसारखं, "बाबा, आजची माहिती संपली."

पोरीला शिकागोला जाऊन चार वर्षं झाली. आधी शिक्षण, मग दवाखान्यांच्या कॉम्प्युटरचं काम करणाऱ्या कंपनीत नोकरी. सुरुवातीला मी फोनवर विचारायचो, काय चाललंय? ती म्हणायची, काम. मी म्हणायचो, इकडं पण. संपलं बोलणं. म्हणून मी तिला सांगितलं, रोज त्या शहराची एक गोष्ट सांग. हवामान नको, जुनं काहीतरी सांग. मी वसमतच्या आगारात एकतीस वर्षं एसटीच्या गाड्यांखाली झोपून काढली. वस्तू कशी बनली हे कळल्याशिवाय मला ती वस्तू आपली वाटत नाही. मग गाव तरी कसं वाटावं?

दुपारी सपनाच्या खोलीतल्या भिंतीचा पोपडा पडला. गेल्या सप्टेंबरात पाणी घुसलं त्याची ओल अजून वर चढतेच आहे. रस्त्यावर तीनदा सिमेंट पडलं, प्रत्येक वेळी जुन्याच्या वर नवं. आता आमची फरशी रस्त्याच्या अडीच फूट खाली आहे, बाहेर जायचं तर माझ्या बायकोला, चांगुणाला, भिंत धरून वर चढावं लागतं. यंदा पुन्हा पाणी येणार, यात शंका नाही. माझी बायको म्हणते, पत्रे टाकून मागं उंचावर एक खोली काढू आणि हे घर सोडून देऊ. मी झाडू घेऊन पडलेला पोपडा गोळा केला.

१९ मार्च, बुधवार

आज रात्रीच्या जेवणाआधी, साडेसात वाजता सपनाचा फोन आला. पूर्वी ती सकाळी करायची, तिचं ऑफिस सुटल्यावर. हल्ली आपल्या संध्याकाळीच करते. म्हणजे तिच्याकडे सकाळचे नऊ. मी विचारलं, कामावर नाही का गेलीस? म्हणाली, आता घरून करता येतं बाबा. सोय चांगली आहे मग.

तर आजची गोष्ट. मला झोप येणार नाही अशी गोष्ट आहे.

पावणेदोनशे वर्षांपूर्वी शिकागो शहर तळ्याच्या काठाला अगदी सपाट, चिखलात वसलेलं होतं. पाणी निघून जायला उतारच नव्हता. १८५४ साली पटकीनं माणसं फार मेली. मग त्यांनी गटारं बांधली, पण खाली खोदायला जागा नाही म्हणून जमिनीच्या वरच बांधली आणि वरून रस्ते भरून घेतले. रस्ते वर गेले, घरं खाली राहिली. अगदी आमच्यासारखीच. मग त्यांनी घरं उचलली. चार मजली, पाच मजली, विटांची घरं, खाली स्क्रू जॅक लावून. १८६० साली एका रस्त्यावरची दुकानांची अख्खी ओळ, सहाशे माणसं आणि सहा हजार जॅक लावून, पाच दिवसांत साडेचार फुटांच्या वर नेली. दुकानं चालूच होती. एक मोठं हॉटेल तर आत गिऱ्हाईकं असताना उचललं.

मी सपनाला दोनदा विचारलं, जॅक म्हणजे आपला तोच जॅक ना? ती म्हणाली, तोच. पाना घालून फिरवायचा.

मी आयुष्यभर जॅक लावले. घराखाली लावायचं कधी सुचलं नाही.

२१ मार्च, शुक्रवार

चांगुणाला सांगितलं. ती मेथी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "शिकागोचं शिकागोत. माझं घर म्हंजे तुमची एसटी न्हाई."

पुतण्या धम्मानंद शेजारीच राहतो, त्याचा ट्रॅक्टर आहे. तो म्हणाला, काका, पाडा आणि नवीन बांधा, लोक तेच करतात. मी म्हणालो, हे मी अठ्ठ्याण्णव साली स्वतःच्या हातानं बांधलंय. सुट्टीच्या दिवशी मी वीट लावायचो आणि चांगुणा हापशावरून पाणी आणून भिंतींवर मारायची. मागची सपनाची खोली दोन हजार नऊला तिच्या दहावीसाठी काढली. पाडायचं कशाला?

तो म्हणाला, उचलताना कोसळलं तर आपोआपच पडेल. बोलणं खरं होतं, म्हणून जास्त लागलं.

२३ मार्च, रविवार

माणूस सापडला. औंढ्याच्या पुढं एका तांड्यावर मोहनसिंग राठोड म्हणून आहे. हरियाणाच्या लोकांसोबत नऊ वर्षं घरं उचलायचं काम केलं, आता स्वतःचे जॅक आहेत. ऊसतोडीला जाणारी तांड्यावरची सोळा माणसं त्यानं या कामाला लावलीत, त्यात सहा बाया. मी एसटीनं गेलो. त्यानं मोबाईलवर परभणीच्या एका घराचा व्हिडिओ दाखवला. घर वर येताना दिसतच नाही. फक्त शेजारचा खांब हळूहळू बुटका होत जातो.

मी त्याला शिकागोचं सांगितलं. त्याला ठाऊक नव्हतं. सहा हजार जॅक ऐकून त्यानं हातातला मोबाईल खाली ठेवला. मग बायकोला, नीलाबाईला, हाक मारली आणि मला तिच्यासमोर पुन्हा सगळं सांगायला लावलं.

२६ मार्च, बुधवार

पेन्शनच्या कामाला वसमतला गेलो होतो. चार वाजता परत आलो तर चांगुणा सपनाच्या खोलीत एकटीच बसलेली. डोळे लाल. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, फोडणीचा धूर गेला डोळ्यात. मग पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "बोलवा तुमच्या त्या जॅकवाल्याला. ही खोली कोरडी पाहिजे. लवकर पाहिजे."

मी चकित झालो. पाच दिवस मी तिच्या कानीकपाळी त्या दुकानांच्या ओळीबद्दल ओरडत होतो, ते वाया गेलं नाही तर. माणसाला आकडे बराबर सांगितले की पटतं. सपनाला संध्याकाळी हे सांगितलं, "तुझ्या शिकागोनं तुझ्या आईला जिंकलं." ती हसली, पण थोडंच. सर्दी झाली असावी.

२ एप्रिल, बुधवार

मोहनसिंग येऊन घर बघून गेला. भिंतींवर बोटानं टकटक केली, स्लॅबकडं बघितलं, पाण्याची नळी लावून चारही कोपऱ्यांची पातळी घेतली. जोत्याखालून खोदायचं, दर दीड-दोन फुटांवर जॅक बसवायचा, वर लोखंडी चॅनल टाकायचं, त्यावर सगळी भिंत घ्यायची. एकशे दहा जॅक लागतील.

जाताना त्यानं विचारलं, "काका, घराखाली जुनी विहीर, शोषखड्डा, असं काही न्हाई ना?"

मी म्हणालो, नाही.

हे इथं लिहून ठेवतो. सपनाच्या खोलीच्या मागच्या कोपऱ्याखाली मोरीचा शोषखड्डा होता. दोन हजार नऊला मीच दगड-विटांचे तुकडे टाकून बुजवला. पोरीची परीक्षा तोंडावर होती, घाई होती, नीट ठोकून घेतला नाही. पण सोळा वर्षं झाली. काही हललं नाही. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, हे घर नको. चांगुणानं पुन्हा नाही म्हटलं असतं. सोळा वर्षांत माती बसली असेल.

८ एप्रिल, मंगळवार

खोदकाम चालू. नीलाबाई आणि बाया पहाटे येतात, ऊन चढायच्या आत अर्धं काम उरकतात. घर पायाकडून उघडं पडलेलं बघणं चांगलं वाटत नाही.

सपनानं आज तिथल्या जुन्या घरांचे फोटो पाठवले. त्या काळी सगळ्यांनीच घरं उचलली नाहीत. पिल्सेन नावाच्या भागात अजून घरं रस्त्याच्या खाली आहेत, पायऱ्या उतरून दारात जावं लागतं. ती तिथं दोन तास हिंडली म्हणे. काल सोमवारी, भर दुपारी. मी म्हणालो, तुझी कंपनी भली आहे. त्यावर तिनं दुसरीच गोष्ट सुरू केली, की शहराच्या मधोमध एका उंच इमारतीत गुरांसाठी वाट सोडलेली आहे. फार पूर्वी एका शेतकऱ्यानं जागा विकताना वाटेचा हक्क ठेवला होता. गुरं गेली, वाट राहिली. मी धम्मानंदला सांगितलं. त्याचा पाणंदीच्या वाटेवरून शेजाऱ्याशी सहा वर्षं तंटा आहे. तो म्हणाला, त्या शेतकऱ्याचा वकील कोण होता ते विचारा.

चांगुणानं सपनाच्या खोलीसाठी नवी मच्छरदाणी आणली. आता कशाला? पोरगी दिवाळीच्या आधी काही येत नाही. मी विचारलं तर म्हणाली, स्वस्त मिळाली.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. काम बंद. मोहनसिंगची सगळी माणसं मिरवणुकीला आली, इथंच जेवली. पंगतीत मी शिकागोची गोष्ट सांगितली. तिथं बाहेरून येऊन पहिलं घर करून राहिला तो माणूस काळा होता, दु साबल नावाचा व्यापारी. सव्वादोनशे वर्षांपेक्षा जास्त झाली. तळ्याकाठच्या मोठ्या रस्त्याला त्याचं नाव मात्र २०२१ साली दिलं.

चांगुणा वाढता वाढता म्हणाली, "लवकरच दिलं म्हणायचं."

१६ एप्रिल, बुधवार

आज घर उचललं. एक फूट दोन इंच.

सकाळी सात वाजता प्रत्येकजण आपापल्या जॅकपाशी बसला. एकेकाकडे सहा-सात जॅक. नीलाबाई मधोमध अंगणात उभी. ती हाक देते. आवाज इतका स्वच्छ की दोन गल्ल्यांत ऐकू जातो. एक हाक, पाव फेरा. सगळ्यांचा एकदम. मग पुढचा जॅक. मोहनसिंग पाण्याची नळी घेऊन कोपऱ्याकोपऱ्यानं फिरतो. कुठं दोन सूतही मागं-पुढं झालं की हात वर करतो आणि सगळे थांबतात.

पहिल्या फेऱ्याला घरातून कट्ट असा आवाज आला. मी पळत भिंतीपाशी गेलो. मोहनसिंग म्हणाला, जुनं घर जोतं सोडताना तेवढं बोलतंच.

दुपारी चांगुणा कुणाला न सांगता आत जाऊन चहा करून आली. मोहनसिंगनं तिला सांगितलं, आत जाऊ नका. ती म्हणाली, शिकागोत हॉटेलात माणसं होती ना? त्यानं चहाचा कप घेतला.

१७ एप्रिल, गुरुवार

धम्मानंदकडे बसून लिहितो आहे.

साडेदहा वाजले होते. घर एक फूट आठ इंच वर आलेलं. नीलाबाईनं हाक दिली, फेरा झाला, आणि मागच्या कोपऱ्याकडून दगड दळावा तसा आवाज आला. सपनाच्या खोलीचा कोपरा खाली बसला. इंचभरच, पण जुन्या भिंतीच्या आणि तिच्या खोलीच्या सांध्यात वरपासून खालपर्यंत चीर पडली. बोट जाईल एवढी. मोहनसिंगनं दोन्ही हात वर केले. सगळं थांबलं.

तेव्हा आतून चांगुणाची हाक आली. ती सपनाच्या खोलीत कपाटात कागद अंथरायला गेली होती. चौकट तिरपी झाली होती आणि दार घट्ट बसलं होतं. ती आतून ओढत होती, मी बाहेरून ढकलत होतो. दार हलेना. खिडकीला गज आहेत. मीच बसवलेले.

मी गज हलवून बघितले. नीलाबाई मात्र खिडकीपाशी गेली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "बाई, दार सोडा. भिताडापासून लांब, खोलीच्या मधात बसा खाली. म्या इथंच हाय." चांगुणा बसली. नीलाबाई गजातून हात आत घालून तिच्याशी बोलत राहिली. कोणत्या तांड्यावरची, लेकरं किती, असलं काहीतरी.

मोहनसिंग कोपऱ्याखाली वाकून बघत होता. तिथले तीन जॅक जमिनीत रुतले होते. तो म्हणाला, इथली जमीन अशी कशी? सगळीकडे तर मुरूम कडक आहे.

मी म्हणालो, "इथं शोषखड्डा हाय. म्याच बुजवलाय. तुमाला न्हाई म्हणलो ते खोटं होतं."

त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्यानं फक्त विचारलं, खड्डा किती रुंद? मी पावलांनी मोजून दाखवला, कुठून कुठपर्यंत. मग मी बोललो ते आगारातलं बोललो. पोकळ जमिनीवर गाडी बसली तर खड्ड्यात जॅक लावायचा नसतो. दोन्ही बाजूंना कडक जमिनीवर टेकेल असं लांब लाकूड आडवं टाकायचं आणि त्यावर जॅक चढवायचा. धम्मानंदच्या अंगणात जुने जाड वासे पडले होते. तो आणि चार माणसं धावत घेऊन आली. चार वासे आडवे टाकले, वर लोखंडी पाटा, त्यावर तीन जॅक. मोहनसिंग एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. तो म्हणाला, काका, तुमी बाहेर या. मी आलो नाही. त्रेसष्ट वर्षांचा असलो तरी जॅक फिरवायला हात अजून तेच आहेत.

अर्धा फेरा. थांबायचं. बघायचं. पुन्हा अर्धा. किती वेळ गेला माहीत नाही. पाऊण तास असेल. चीर अर्धी मिटली तेव्हा चौकट कुरकुरली आणि दार आपोआप चार बोटं उघडलं.

चांगुणा बाहेर आली. रडली नाही. माझ्याकडं बघितलं, माझी विजार चिखलानं भरलेली होती. म्हणाली, "कागद दोन कप्प्यांचे राहिले."

मग ती धम्मानंदच्या ओट्यावर जाऊन बसली. मी पाणी दिलं. नीलाबाईनं तिचे पाय दाबले.

१८ एप्रिल, शुक्रवार

मोहनसिंग रागावून निघून जाईल असं वाटलं होतं. सकाळी तो वेळेवर आला. खड्डा बाजूनं उघडून सगळा भुसभुशीत भराव काढायचा, तळापासून काँक्रीट भरायचं, चार दिवस घट्ट होऊ द्यायचं, तोवर घर जॅकवर राहील, असं त्यानं सांगितलं. घराला काही होणार नाही ना, असं मी विचारलं. तो म्हणाला, होणार नाही. मग चहाचा कप खाली ठेवत म्हणाला, "काका, तुमी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर आमचे आठ दिस जास्त गेले असते. बस, इतकंच होतं."

इतकंच होतं. मला वाटलं होतं तो काम सोडेल. मी विचारलंच नव्हतं.

 काल रात्रीचं जेवण धम्मानंदकडे झालं. आम्ही तिथंच झोपतो आहोत.

सपनाला चिरेबद्दल सांगितलं नाही. चार वर्षांत ती पहिल्यांदा इतक्या उत्साहानं माहिती देते आहे. परक्या मुलखात पोरीच्या जिवाला घोर कशाला? काम मस्त चाललंय म्हणालो.

२२ एप्रिल, मंगळवार

खड्ड्यात काँक्रीट भरून झालं. धम्मानंदनं ट्रॅक्टरनं वाळू-खडी आणून दिली. पाडा म्हणणारा तोच होता. आता रोज दोनदा येऊन काँक्रीटवर पाणी मारतो.

सपनाचा फोन काल आला नाही, परवाही नाही. मी चांगुणाला विचारलं तर ती म्हणाली, कामात असेल. म्हणाली खरी, पण फोन हातात घेऊनच झोपते. एकशे दहा जॅकवर अधांतरी घर आणि हिला फोनची पडलीय.

२६ एप्रिल, शनिवार

पुन्हा हाक सुरू झाली. मी सबंध दिवस मागच्या कोपऱ्यापाशी बसून होतो. हलला नाही. संध्याकाळी दोन फूट सात इंच.

सपनाचा मेसेज आला, फक्त एका ओळीचा. शिकागोतल्या मोठ्या आगीचा आळ एका बाईच्या गाईवर आला होता, तिनं कंदील लाथाडला म्हणून. १९९७ साली शहरानं ठराव करून बाईला आणि गाईला निर्दोष ठरवलं, सव्वाशे वर्षांनी.

खाली "आजची माहिती संपली" लिहिलं नव्हतं.

२७ एप्रिल, रविवार

तीन फूट. दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी.

नीलाबाईनं शेवटची हाक दिली. सगळे उठून हातपाय झटकायला लागले. मोहनसिंगनं नळी लावून चारही कोपरे तपासले, मला बोलावलं आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघायला लावलं. पाणी चारही ठिकाणी एका रेषेवर.

मी घरामागं जाऊन थोडा वेळ बसलो. खड्ड्यातल्या काँक्रीटवर हात फिरवून बघितला.

३० एप्रिल, बुधवार

सकाळी साडेसहाला सपनाचा फोन. महिनाभरात पहिल्यांदा सकाळी. मी उचलायच्या आत चांगुणानं उचलला, आणि ऐकता ऐकता भिंतीला टेकून खाली बसली. मी घाबरलो. तिनं फोन माझ्याकडं दिला.

सपना म्हणाली, "बाबा, मला नोकरी मिळाली."

मी म्हणालो, नोकरी तर आहेच की.

मग सगळं कळलं. तीन मार्चला तिच्या कंपनीनं पुष्कळ लोकांना काढलं, त्यात ती. साठ दिवसांत दुसरी नोकरी नाही मिळाली तर देश सोडावा लागतो, तसा नियम आहे. दोन मेला मुदत संपत होती. काल नव्या कंपनीनं तिचे कागद दाखल केले. एका दवाखान्याचंच काम आहे. त्या सगळ्या दिवसांत ती खोलीत बसवेना म्हणून चालत राहायची. पायी, तिकीट वाचवून. थंडी जास्त झाली की मोठ्या लायब्ररीत जाऊन बसायची आणि तिथंच मला सांगायला जुन्या गोष्टी शोधायची. म्हणाली, तुम्ही रोज वाट बघत होतात, म्हणून रोज उठून बाहेर पडत होते.

मी विचारलं, आईला माहीत होतं? ती म्हणाली, सव्वीस मार्चपासून.

फोन ठेवल्यावर मला फार राग आला. मी चांगुणाला म्हणालो, मी बाप म्हणून कुणीच नाही का? एवढं लपवलंत दोघींनी? पोरगी तिकडं एकटी, आणि मी तिला गाई-म्हशींच्या वाटा विचारत होतो.

चांगुणा म्हणाली, "खड्डा तुमी सांगितला व्हता काय?"

 मग मी परत सपनाला फोन लावला आणि शोषखड्डा, चीर, दार, सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझीच खोली का, बाबा?" आणि हसायला लागली. ते हसणं महिनाभरात ऐकलं नव्हतं. मग मीही हसलो. चांगुणा आम्हाला दोघांनाही वेडं म्हणाली आणि चहा टाकायला गेली. धम्मानंदच्या घरात साखर कुठं ठेवतात ते तिला अजून सापडत नाही.

मी सपनाला विचारलं, तू दुपारी काय खायचीस? लायब्ररीत असताना? चार वर्षांत हे पहिल्यांदा विचारलं असेल. तिनं सांगितलं, सकाळीच खिचडी करून डब्यात न्यायची. कधी कधी नुसतं पाव-केळं. तासभर आम्ही असलंच काहीतरी बोललो.

६ मे, मंगळवार

खालचं वीटकाम पुरं झालं, जॅक एकेक करून काढले. शेवटचा जॅक मागच्या कोपऱ्यातला. मोहनसिंगनं तो मला काढायला दिला. फिरवला, सैल झाला, बाहेर आला. घर आपल्या पायांवर उभं राहिलं. चिरेत सिमेंट भरलं आहे, पण रेघ दिसते. पुट्टी लावून लपवू का, असं मिस्त्रीनं विचारलं. मी म्हणालो, राहू दे.

१२ मे, सोमवार

बुद्धपौर्णिमा. सकाळी वंदना झाली, फोटो पुन्हा भिंतीवर लावले. मोहनसिंग, नीलाबाई आणि तांड्यावरची सगळी माणसं खिरीला आली. धम्मानंदनं मंडप टाकला. पुढच्या गल्लीतले दोघे मोहनसिंगला बाजूला घेऊन त्यांच्या घराबद्दल विचारत होते.

सपना मोबाईलवर होती. नव्या ऑफिसचा पहिला आठवडा झाला. तिला फोनवरून सगळं घर फिरवून दाखवलं. तिच्या खोलीत चांगुणानं मच्छरदाणी बांधून ठेवली आहे, कपाटात सगळ्या कप्प्यांत नवे कागद. तिनं विचारलं, आई, हे सगळं कधी केलंस? चांगुणा म्हणाली, असंच.

जेवताना मोहनसिंगनं विचारलं की आधी घरचे नाही म्हणत होते, मग कसं पटलं? मी सांगितलं, शिकागोच्या त्या दुकानांच्या ओळीची गोष्ट ऐकून पटलं. सहाशे माणसं, सहा हजार जॅक. बराबर आकडे सांगितले की कुणालाही पटतं. चांगुणा त्याच्या वाटीत खीर वाढत होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि माझ्याही वाटीत आणखी एक पळी घातली.

पाहुणे गेले. उन्हं कलली. आता आमची फरशी रस्त्याहून अर्धा फूट वर आहे. उंबऱ्यातून पाय टाकला की थेट रस्ता. चांगुणा संध्याकाळी तीनदा बाहेर जाऊन आली. एकदा कोपऱ्यापर्यंत, एकदा धम्मानंदच्या दारापर्यंत, एकदा नुसतीच. काही काम नव्हतं. मी दारात बसून बघत होतो.